गॅस लाइन जर सगळ्या डिजिटल नकाशावर आहेत, तर रस्ता खोदताना जेसीबी त्या फोडतोच कसा?

तुमच्या सोसायटीसमोर परवा लाइन फुटली आणि कंपनीचा माणूस म्हणाला "आमच्या नकाशात लाइन इथे नाहीये", हे वाचून मला हसावं की रडावं कळेना, कारण हे वाक्य मी स्वतः म्हणून बसलोय. मी सिटी गॅसच्या कामात जीआयएस, म्हणजे लाइनचे कॉम्प्युटरवरचे नकाशे, बघतो, पुण्यात. आधी चार वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, त्यामुळे चर पण बघितलाय आणि स्क्रीन पण.

आधी एक गोष्ट. शहरात गॅसची मोठी लाइन स्टीलची असते, जास्त प्रेशरची. ते प्रेशर रेग्युलेटिंग स्टेशनला साधारण 4 बारपर्यंत उतरवतात आणि तिथून पुढे गल्लीबोळात जातो तो एमडीपीई, म्हणजे चक्क प्लास्टिकचा पाइप, 125, 90, 63, 32 आणि सोसायटीच्या आत 20 एमएम. स्टीलची लाइन किंवा विजेची केबल वरून लोकेटर (जमिनीखालचं धातू शोधायचं यंत्र) फिरवला की सापडते, पण प्लास्टिक लोकेटरला दिसतच नाही. पाइपसोबत तांब्याची ट्रेसर वायर टाकली असेल आणि ती मध्ये कुठे तुटली नसेल तरच काही आशा. राहिला जीपीआर, तो रडारचा ढकलगाडीसारखा प्रकार, तर मुरुमात तो बरा चालतो, पण काळी माती ओली असली की सिग्नल वरच्या वरच गिळला जातो आणि स्क्रीनवर नुसती धुळवड दिसते.

म्हणजे एकदा चर बुजला की तो पाइप कुठे आहे हे सांगणारा फक्त रेकॉर्ड उरतो. आणि ते रेकॉर्ड नीट करायची संधी एकदाच मिळते, चर उघडा असताना, जेव्हा नेमकं ट्रॅफिकवाले ओरडत असतात, दुकानदार भांडत असतात आणि मुकादमाला दिवस उजाडायच्या आत माती लोटायची असते.

पूर्वी काय करायचे, टेपने मोजायचे. कंपाउंडच्या भिंतीपासून 1.2 मीटर, विजेच्या खांबापासून 3.4, असं ॲज-बिल्ट ड्रॉइंगवर, म्हणजे लाइन प्रत्यक्ष जशी टाकली त्या नकाशावर, लिहायचं की झालं काम. नंतर हीच ड्रॉइंग ऑफिसात बसून सॅटेलाइट इमेजवर चढवली. आता आमचाच किस्सा सांगतो. एका रस्त्यावर सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं, रोड वायडनिंगमध्ये भिंत तीन मीटर आत गेली, आणि आमच्याकडच्या पोराने जुनं ड्रॉइंग घेऊन नव्या इमेजमधल्या नव्या भिंतीपासून 1.2 मोजून 63 ची लाइन काढली. पोराची चूक म्हणवत नाही, चेक मीच केलं होतं. स्क्रीनवर लाइन इतकी सुंदर दिसत होती की शंका यायचं कारणच नव्हतं! पुढे ड्रेनेजवाला आला, त्या माणसाने रीतसर विचारलं, आम्ही प्रिंट दिली, आणि त्याने आमच्या नकाशाप्रमाणे मोकळ्या असलेल्या जागेतच बकेट घातली. शिट्टीसारखा आवाज आणि वास, कुणाला काही झालं नाही हे नशीब.

पण त्याच दिवशी त्याच सिस्टिमने आम्हाला वाचवलं पण. जीआयएसमध्ये पाइप म्हणजे नुसती रेघ नसते, कुठला तुकडा कुठल्या व्हॉल्व्हला जोडलाय हे सगळं आत असतं, त्यामुळे फुटलेल्या जागेवर क्लिक केलं की कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे आणि किती घरांचा गॅस जाणार ही यादी लगेच येते. त्यातला एक व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेलेला, वरून काही मागमूस नाही. मात्र त्याचे कोऑर्डिनेट आदल्या वर्षी डीजीपीएसने, म्हणजे मोजणीच्या अचूक जीपीएसने, घेतलेले होते, तिथे खूण करून डांबर फोडलं तर झाकण हाताशी. एकाच नकाशात व्हॉल्व्ह सेंटीमीटरमध्ये बरोबर आणि त्याला जोडलेली लाइन तीन मीटर चूक. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, हा खरा घोळ आहे.

म्हणून आता मी प्रत्येक लाइनला ती कशी मोजली हे लिहायला लावतो आणि त्याप्रमाणे रंग वेगळा देतो. उघड्या चरात आरटीकेने (हा पण सेंटीमीटरमध्ये मोजणारा जीपीएसच) घेतलेली, टेपवरून काढलेली, आणि "म्हाताऱ्या प्लंबरने सांगितली" ही पण एक कॅटेगरी आहे, थट्टा नाही करत. मोबाइलचा जीपीएस चालत नाही, मोकळ्या मैदानात पण तो चार-पाच मीटर इकडे तिकडे होतो आणि आपली गल्लीच सहा मीटरची. खोलीचं पण तसंच, "1 मीटर खोल" लिहून उपयोग नाही कारण दर वर्षी वर डांबर चढतं नाहीतर काँक्रीट करताना अर्धा फूट खरवडून काढतात, मग मीटर कुठून मोजायचा? आम्ही पाइपच्या डोक्याची समुद्रसपाटीपासूनची उंची घेतो.

न खोदता आडवं ड्रिल मारून टाकलेल्या लाइन हा तर वेगळाच विषय, चरच नसतो त्यामुळे कुणाच्याच डोळ्याला पाइप दिसत नाही, ड्रिलिंगवाल्याने लिहिलेला बोअर लॉग हाच काय तो पुरावा. अमेरिकेत अशा ड्रिलने गॅसचा पाइप थेट गटाराच्या पाइपातून आरपार गेल्याचे प्रकार सापडलेत, वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस गटार तुंबतं, साफ करणारा मशीन फिरवतो आणि पाइप कापला जातो.

आणि जागा बरोबर असली तरी माहिती बरोबर असेलच असं नाही. 9 सप्टेंबर 2010 ला कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला 30 इंची लाइन फुटून 8 माणसं गेली. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये तो पाइप बिनजोडाचा होता, तपासात निघालं की त्या जागी लांबीत वेल्ड केलेले छोटे छोटे तुकडे जोडलेले होते आणि वेल्ड पण अर्धवट. 1956 चं काम. कागदावरची चूक कॉम्प्युटरमध्ये गेली आणि तिथे ती खरी वाटायला लागली.

तुम्ही विचारलंय की यावर काही सिस्टिम आहे का. आहे, केंद्राचं कॉल बिफोर यू डिग हे ॲप मार्च 2023 मध्ये आलंय, खोदणाऱ्याने जागा टाकायची, मग त्या भागात ज्यांच्या लाइन आहेत त्यांना मेसेज जातो. अमेरिकेत 811 ला फोन केला की माणूस येऊन रस्त्यावर रंग मारून जातो, गॅसला पिवळा, पाण्याला निळा. आपल्याकडे ॲप आहे पण रात्री दीडला जेसीबी चालवणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही, त्याला फूटाप्रमाणे काम उरकायचं असतं आणि नकाशा असला तर तो इंजिनिअरच्या गाडीत असतो.

तुमच्याकडे परत काम निघालं तर मशीन लावायच्या आधी दोन-तीन ठिकाणी हाताने ट्रायल पिट, म्हणजे लाइन बघायला छोटे खड्डे, घ्यायला लावा. पाइपाच्या वर फूटभर अंतरावर प्लास्टिकची वॉर्निंग पट्टी असते, ती दिसली की थांबायचं. आणि परवाच्या रिपेअरचा खड्डा अजून बुजवला नसेल तर एक काम करा, मागे गेट किंवा इमारतीचा कोपरा येईल असा फोटो काढून ठेवा, टेप धरून. कंपाउंडच्या भिंतीपासून नको, इमारतीपासून मोजा.