एकाच देशात काही भागांत लठ्ठपणा जास्त आणि काही भागांत कमी का असतो?

तुम्ही विचारलंय की देश एक, सरकार एक, दुकानांत मिळणारी पाकिटंही बहुतेक तीच, तरी एका भागात लठ्ठ माणसं इतकी जास्त आणि दुसऱ्यात कमी, हे कसं? शिवाय तिकडचे लोक मुळात आळशी असतात का? आणि नोकरीसाठी अशा भागात जावं लागलं तर आपलंही वजन वाढेल का? तीन प्रश्न झाले. मधल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे ओघात येईलच.

आधी नकाशाबद्दल. या विषयात सगळ्यात जास्त दाखवला जातो तो अमेरिकेचा नकाशा. २०२२ साली वेस्ट व्हर्जिनियात ४१ टक्के प्रौढ लठ्ठ होते, कोलोरॅडोत २५ टक्के. लठ्ठ म्हणजे बीएमआय (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० किंवा त्याहून जास्त. पण हे आकडे फोनवर उंची आणि वजन विचारून काढलेले आहेत, वजनकाटा घेऊन कुणी घरी गेलेलं नाही. माणूस उंची वाढवून सांगतो आणि वजन कमी करून. (मी स्वतः कुठल्याही फॉर्मवर बिनदिक्कत दोन सेंटिमीटर चढवून लिहितो, त्यामुळे इतरांना हसायचा हक्क मला नाही.) सगळीकडे सारखीच थाप मारली जात असती तर बिघडलं नसतं, पण तसं होत नाही. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांचं वजन प्रत्यक्ष मोजलेला एक मोठा अभ्यास संशोधकांनी या फोनच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिला, तेव्हा भागांची क्रमवारीच बदलली. कायम बदनाम होणारा दक्षिणेचा पट्टा पहिल्या नंबरावरून खाली आला आणि उत्तर-मध्य भागातली शेतीप्रधान राज्यं वर चढली. म्हणजे दक्षिणेतली मंडळी निदान खरं तरी सांगत होती!

वयाचंही तसंच. चाळिशी-पन्नाशीपर्यंत वजन साधारणपणे वाढत जातं, त्यामुळे तरुणांनी भरलेलं शहर आपोआप सडपातळ दिसतं. वय जुळवून न घेता केलेली तुलना मी वाचतच नाही.

हे सगळं चाळून घेतलं तरी खरा फरक उरतोच. इंग्लंडमध्ये २००६ पासून शाळेतल्या मुलांची उंची आणि वजन दरवर्षी प्रत्यक्ष मोजतात. तिथे सगळ्यात गरीब वस्त्यांमधल्या मुलांत लठ्ठपणाचं प्रमाण सगळ्यात सुखवस्तू वस्त्यांच्या दुपटीच्या आसपास असतं. पाच वर्षांच्या मुलाला आळशी म्हणायचं असेल तर म्हणा.

मग गरिबी हेच कारण? इथे गंमत आहे. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या, म्हणजे जादा वजनाच्या, स्त्रिया पंजाबात ४०.८ टक्के निघाल्या आणि झारखंडात ११.९ टक्के. म्हणजे चित्र नेमकं उलटं. जिथे पोटभर खाणं हीच खर्चाची बाब आहे आणि काम अंगमेहनतीचं आहे, तिथे चरबी पैशामागून येते. देश श्रीमंत होत गेला की उष्मांक स्वस्त होतात आणि महाग होतो तो वेळ: स्वयंपाकाला, झोपेला, पायी चालायला. मग चरबी पैसा नसलेल्यांकडे सरकते, आणि हे वळण बायकांच्या बाबतीत जास्त ठळक दिसतं. एकाच देशातले दोन प्रदेश या वळणाच्या दोन टोकांना असू शकतात. 'खेड्यात माणूस काटक राहतो' हा समजही आता फारसा टिकत नाही. १९८५ ते २०१७ या काळात जगाचा सरासरी बीएमआय जेवढा वाढला, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा ग्रामीण भागाचा होता.

आता मला सगळ्यात रस वाटतो तो प्रश्न. जागा माणसाला जाड करते, की जाड होण्याची शक्यता असलेली माणसंच त्या जागी उरतात? शिकलेली, धडधाकट माणसं संधी मिळाली की बाहेर पडतात आणि मागच्या भागाची टक्केवारी आपोआप चढते. खाणी बंद पडलेल्या पट्ट्यांमध्ये हे हमखास होतं. नुसता नकाशा पाहून यातलं खरं कारण कधीच कळणार नाही. त्यासाठी माणसं तीच ठेवून जागा बदलावी लागते, आणि तीही त्यांच्या मर्जीने नव्हे.

असं दोनदा तरी झालंय. १९९४ ते १९९८ दरम्यान अमेरिकेतल्या पाच शहरांत, गरीब वस्तीतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी सोडत काढली गेली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी मदत मिळाली, काहींना नाही. दहा-पंधरा वर्षांनी साडेचार हजारांच्या आसपास स्त्रियांची तपासणी केली. बीएमआय ३५ च्या वर असलेल्यांची टक्केवारी मदत मिळालेल्या गटात साडेचारने कमी होती. मधुमेहाचं प्रमाणही जवळपास तेवढंच खाली होतं. त्यांना आहाराचा सल्ला कुणी दिला नव्हता की व्यायामशाळेचा पासही दिला नव्हता. मात्र बीएमआय ३० च्या वरच्या, म्हणजे साध्या लठ्ठपणात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. बदल झाला तो टोकाच्या वजनात. जागा बदलली की माणूस शिडशिडीत होतो, असा याचा अर्थ लावू नका.

दुसरा प्रयोग अमेरिकी लष्कराचा. सैनिकाला बदली निवडता येत नाही. ज्या कुटुंबांची बदली लठ्ठपणा जास्त असलेल्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) झाली, त्यांच्यात पालक आणि मुलं दोघंही जाड असण्याची शक्यता जास्त निघाली. तिथे दोन वर्षांहून जास्त राहिलेल्यांत आणि लष्करी तळाबाहेर घर घेतलेल्यांत हा परिणाम आणखी ठळक होता. आजूबाजूची दुकानं आणि मैदानं हिशेबात धरूनही तो पुरता गेला नाही. म्हणजे चार शेजारी किती खातात, कसे दिसतात, काय 'नॉर्मल' मानतात, हेही अंगाला लागत असावं.

दुकानांवरून आठवलं. 'त्या भागात चांगला भाजीपाला मिळत नाही, सुपरमार्केट उघडा' हा उपाय ऐकायला छान वाटतो. पण सुपरमार्केट उघडल्यावर लोक खरेदीला तिकडे गेले आणि आधी घ्यायचे तेच घेऊन आले. गरीब आणि श्रीमंत घरांच्या आहारातल्या तफावतीत दुकानांचा वाटा एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दहा टक्क्यांच्या आसपासच भरला. मला हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा पटला नव्हता.

जनुकांचं थोडक्यात: एका भागातल्या दोन माणसांमधला फरक जनुकं बऱ्यापैकी समजावतात, दोन भागांमधला क्वचितच. ओकिनावा घ्या. दीर्घायुष्यासाठी जगभर नावाजलेलं बेट, १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात. मोटारीवाचून पान न हलणारं. मोनोरेल आली ती २००३ मध्ये. २००० साली तिथल्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरलं आणि लठ्ठपणात ते देशात वरच्या नंबरात आले. जनुकं एवढ्यात बदलत नसतात.

किंवा इटलीतला कांपानिया. १९७२ मध्ये 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव रूढ करणारे अँसल कीज भूमध्य आहाराचा अभ्यास करत याच प्रांतातल्या पिओप्पी या किनाऱ्यावरच्या गावी वर्षानुवर्षं राहिले. आज इटलीत मुलांमधला लठ्ठपणा सगळ्यात जास्त आहे तो कांपानियात.

राहिला तुमच्या नोकरीचा प्रश्न. वजन वाढण्याची शक्यता थोडी वाढते, सक्ती नाही. सैनिकांच्या अभ्यासावरून सांगायचं तर पहिल्या महिन्यात काही होणार नाही, दोन वर्षांनी फरक पडू शकतो. घर बघायला जाल तेव्हा तिथून कामाच्या जागेपर्यंत एकदा पायी जाऊन बघा. फुटपाथ मध्येच संपत असेल तर दुसरं घर बघा.