पंगतीत सगळ्यात शेवटी कोण उठतं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा २४ वर्षांचा, तालमीत जातो. चार महिन्यांपूर्वी एका लग्नात मटणाची फोड त्याच्या छातीत अडकली, घोटभर पाणीसुद्धा खाली जाईना. रात्रीच दुर्बिणीनं काढावी लागली. अन्ननलिकेचा तुकडा तपासून 'इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस' सांगितलं. दोन महिने पित्ताच्या गोळ्या दिल्या, तरी दुसऱ्या दुर्बिणीत काही फरक नाही. इचलकरंजीच्या माझ्या भाच्याला हाच आजार होता, तो याच गोळ्यांनी बरा झाला. आमचं निदान चुकलं का? रिपोर्ट सोबत जोडलेत.
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, निदान चुकलेलं दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यक्षेत्रात १५ किंवा त्याहून जास्त इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसले की अन्ननलिकेच्या या ॲलर्जीचा संशय पक्का होत जातो. तुमच्या मुलाचे ४० आहेत. असे रुग्ण आले की मी आधी विचारतो, पंगतीत सगळ्यात शेवटी कोण उठतं? घासागणिक पाणी पिणारा, भाकरी आमटीत पार भिजवून खाणारा हाच तो. घरचे म्हणतात, "त्याची सवयच आहे तशी." ती सवय नसते.

आता भाच्याचं. पित्ताच्या गोळीनं बरे होणारे रुग्ण पूर्वी वेगळ्या आजाराचे धरले जायचे, मीही तसंच लिहून द्यायचो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनंतर ती भिंत गेली. ही गोळी आम्ल कमी करते, शिवाय इओसिनोफिलना बोलावणारा संदेशही दाबते. पण ती साधारण निम्म्याच लोकांना लागू पडते. भाचा त्या निम्म्यांत बसला, तुमचा मुलगा नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकांची हालचाल पाहून या आजाराचे तीन गट मांडले. एकात नळी वरून जवळजवळ निरोगी दिसते, दुसऱ्यात सूज जोरात आणि स्टेरॉइडला दाद कमी, तिसऱ्यात मोठेपणी सुरू झालेला आजार आणि अरुंद होत गेलेली नळी. ही तपासणी रोजच्या दवाखान्यात होत नाही. आम्ही डोळ्यांनी पाहतो ते एवढंच : नुसती सूज आहे की नळीला कडी पडून ती आवळलीय? आवळलेल्या नळीला औषधाच्या जोडीला फुग्यानं रुंद करावं लागतं. तुमच्या रिपोर्टात उभ्या रेघा आणि पांढरे ठिपके आहेत, अरुंदपणा नाही. लवकर सापडलंय.

पुढची पायरी बहुधा गिळायचं स्टेरॉइड. दम्याचंच औषध, पण ओढायचं नाही, गिळायचं. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. तोंडात बुरशी धरू शकते, तेवढं लक्ष ठेवा. त्यानंही भागलं नाही तर ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत २०२२ पासून ते या आजारासाठी मान्य आहे, पण खर्च ऐकून बसायला खुर्ची लागते.

दुसरा मार्ग आहाराचा. इथं पैलवान रुसणार, कारण पहिला संशय दुधावर. १२९ प्रौढांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नुसतं दूध सहा आठवडे बंद ठेवून ३४ टक्क्यांची सूज उतरली. दूध, गहू, अंडी, सोया, मासे, सुकामेवा असं सगळं तोडून ४० टक्क्यांची. मग आधी सहाच्या सहा कशाला तोडायचे? आधी नुसतं दूध, म्हणजे गंगावेशीतलं धारोष्ण दूध, दही, तूप, पेढे बंद. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, तो चालेल. खानावळीत मात्र दूध-दही घातलंय का ते विचारा. त्वचेवर टोचून केलेल्या ॲलर्जी चाचणीवर पैसे घालू नका, नेमका दोषी पदार्थ ती खात्रीनं सांगत नाही.

आणि "आता बरं वाटतंय" म्हणून तिसरी दुर्बीण टाळू देऊ नका. घास सरळ उतरायला लागला तरी आत सूज असू शकते. दोन-तीन महिन्यांनी तुकडा पुन्हा बघायचाच.

तोवर मटण बारीक करून, सावकाश. पुन्हा अडकलं आणि लाळही गिळता येईना, तर वरून केळं किंवा भाताचा गोळा ढकलू नका. रात्र असो, थेट दवाखाना गाठा.