तुमचे प्रश्न, फुटबॉलच्या गप्पा: क्लब बुडाला तेव्हा कोण थांबलं?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की गोल आणि ट्रॉफ्या बाजूला ठेवल्या तर कुठला फुटबॉलपटू तुम्हाला माणूस म्हणून आवडतो. पत्रं भरपूर आली, त्यातली निम्मी भांडणाचीच होती, त्यामुळे वाचायला मजा आली. काही निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न: दादा, आता कुणी एका क्लबला धरून राहतच नाही. दोन सीझन झाले की चालले पैशामागे. तोत्ती, मालदिनी यांच्यासारखी निष्ठा आता संपली असं नाही वाटत?

तोत्ती १९९३ ते २०१७ रोमाकडून खेळला, मालदिनी १९८५ ते २००९ मिलानकडून, ९०२ मॅच, या आकड्यांपुढे बोलायची सोयच नाही. पण मालदिनीचं मिलान त्या काळात पाच वेळा युरोपचं चॅम्पियन झालं, घरबसल्या सगळं मिळत असताना माणूस जाईल कशाला? (मालदिनीचे फॅन्स, दगड खाली ठेवा, मलाही तो आवडतो.) निष्ठा खरी कळते ती क्लबचं वाटोळं होतं तेव्हा.

म्हणून माझं मत विचाराल तर २००६ चं युव्हेंटस बघा. मॅच फिक्सिंगच्या भानगडीत क्लबला थेट सेरी बी मध्ये, म्हणजे इटलीच्या सेकंड डिव्हिजनमध्ये, ढकललं, वर ९ पॉइंट्स कापले. कन्नावारो माद्रिदला गेला, इब्राहिमोविच इंटरला, झाम्ब्रोता आणि थुराम बार्सिलोनाला. आणि थांबले कोण, तर बुफॉन, देल पिएरो, कामोरानेसी, नेदवेद, त्रेझेगे. यातले पहिले तिघं जुलैमध्ये बर्लिनला वर्ल्ड कप जिंकून आलेले, त्रेझेगे त्याच फायनलमध्ये समोरच्या टीमकडून पेनल्टी हुकलेला, नेदवेद २००३ चा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) विनर. आणि सप्टेंबरमध्ये ही मंडळी उतरली कुठे, तर रिमिनीच्या छोट्याशा ग्राउंडवर, आणि तिथेही १-१ बरोबरी! बुफॉन म्हणजे जगातला सगळ्यात भारी गोलकीपर, ऐन उमेदीत, कुठल्याही क्लबने पायघड्या घातल्या असत्या, तो सेकंड डिव्हिजनमध्ये बॉल अडवत बसला. देल पिएरो त्या वर्षी सेरी बी चा टॉप स्कोअरर झाला आणि टीम पहिल्या नंबरने वर आली. बुफॉन पुढे २०१८ ला पॅरिसला गेलाच की, पण त्याला कोणी गद्दार म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, कारण गरजेच्या वेळी तो होता.

अर्जेंटिनाचा स्ट्रायकर बातिस्तुता, त्याचंही तसंच. फिओरेंतिना १९९३ मध्ये खाली गेली तेव्हा हा त्यांच्यासोबत खाली गेला, गोल करून वर आणली, मग आणखी सहा वर्षं वाट बघितली आणि लीग काही हाताला लागली नाही. शेवटी २००० मध्ये रोमाला गेला आणि पहिल्याच सीझनला लीग जिंकला. त्याच सीझनला फिओरेंतिनाविरुद्ध याचाच गोल निर्णायक ठरला, जबरदस्त व्हॉली होती, आणि सगळी टीम अंगावर पडून नाचतेय आणि हा मधोमध रडतोय. याला निष्ठा नाही म्हणणार का? मी तरी नाही म्हणणार.

आणि जाता जाता, निष्ठेचा हिशोब फॅन्सनाही लावा कधीतरी. मालदिनीच्या शेवटच्या होम मॅचला, मे २००९ मध्ये, मिलानच्याच कट्टर फॅन्सच्या एका गटाने शिट्ट्या मारल्या आणि त्याच्याविरुद्ध बॅनर लावले. २५ सीझन खेळलेल्या माणसाला!

प्रश्न: माझा मुलगा कांतेचा फॅन आहे. मी तीन-चार मॅच त्याच्यासोबत बघितल्या पण मला तो माणूस दिसलाच नाही. गोल नाही, ड्रिबल नाही. नेमकं काय बघायचं?

दिसला नाही हीच त्याची गंमत आहे हो. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो आणि कांते हा फ्रान्सचा बचावाकडचा मिडफिल्डर, त्याचं निम्मं काम बॉल यायच्या आधी झालेलं असतं. एक करा, पुढच्या मॅचला दहा मिनिटं बॉल बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. आपल्या टीमचा पास चुकला की पहिल्या दोन-तीन सेकंदात तो काय करतो ते बघा, बाकीचे हात वर करून रेफरीकडे बघत असतात आणि हा तोवर समोरच्याच्या पास द्यायच्या रस्त्यात जाऊन उभा असतो. समोरच्याला मग पास मागे द्यावा लागतो, आणि आपल्याला वाटतं काहीच घडलं नाही. काही घडू न देणं हेच त्याचं काम.

हा मुलगा १९ वर्षांचा होईपर्यंत पॅरिसजवळच्या सुरेन नावाच्या छोट्या क्लबात होता, मोठ्या अकादम्यांनी उंची बघूनच विषय संपवला. वडील तो ११ वर्षांचा असताना गेले. मग बुलोन, मग काँ, २०१५ ला लेस्टर, आणि तिथे पहिल्याच वर्षी लीग. त्या सीझनच्या सुरुवातीला लेस्टर जिंकण्याचा बुकींचा भाव पाच हजारास एक होता! टॅकल आणि इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच अडवणं) दोन्हींत हा पूर्ण लीगमध्ये पुढे. पुढच्या वर्षी चेल्सीला गेला आणि परत लीग, २०१८ ला वर्ल्ड कप, २०२१ ला चॅम्पियन्स लीग, आणि त्या वर्षी सेमी फायनलच्या दोन्ही मॅच आणि फायनल, तिन्हींत मॅन ऑफ द मॅच हाच. वर्ल्ड कप जिंकल्यावर सगळे ट्रॉफीसोबत फोटो काढत होते आणि हा बाजूला लाजत उभा, शेवटी बाकीच्यांनीच त्याच्या हातात दिली.

मुलाला पार्क जी-सुंगच्या जुन्या मॅचही दाखवा. २०१० मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला मिलानच्या पिर्लोवर सोडला होता, पिर्लोसारख्या माणसाला डोकं वर करून बघायला वेळच दिला नाही, वर घरच्या मॅचला स्वतः गोलही टाकला. आणि हाच पार्क २००८ च्या चॅम्पियन्स लीग सेमी फायनलमध्ये बार्सिलोनाविरुद्ध जीव तोडून पळाला आणि फायनलला त्याचं नाव बेंचवरसुद्धा नव्हतं. त्यानंतरही तो चार वर्षं त्याच क्लबकडून तसाच पळत राहिला.

प्रश्न: सर, मी लोकल टीममध्ये खेळतो. माझ्या हाताला बॉल लागून गोल झाला, मी रेफरीला सांगितलं, गोल रद्द झाला आणि आम्ही हरलो. कोच आठवडाभर बोलत नाहीये. मी चुकलो का?

नाही चुकलास. तुझ्या जोडीला जर्मनीचा स्ट्रायकर क्लोझं आहे, वर्ल्ड कपमध्ये १६ गोल, आजवर सगळ्यात जास्त गोलांच्या यादीत नाव असलेला. सप्टेंबर २०१२, नापोलीविरुद्ध त्याची टीम लात्सिओ, मॅच सुरू होऊन जेमतेम चार मिनिटं झालेली, कॉर्नरवर बॉल त्याच्या हाताला लागून आत गेला. रेफरीने गोल दिला. क्लोझंने जाऊन सांगितलं हाताला लागला. गोल रद्द, नापोलीचे खेळाडू येऊन त्याला मिठी मारतायत, आणि मग त्याच नापोलीने लात्सिओला ३-० ने झोपवलं! म्हणजे तुझ्यासारखंच, खरं बोलला आणि हरला. आणि हे त्याचं पहिल्यांदा नव्हतं, २००५ मध्ये ब्रेमेनला असताना मिळालेली पेनल्टी त्याने रेफरीला सांगून परत घालवली होती.

लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरची गोष्ट थोडी वेगळी. १९९७, आर्सेनलविरुद्ध, गोलकीपर सीमनसमोर तो पडला, रेफरीने पेनल्टी दिली, हा उठून सांगतोय की अहो त्याने मला पाडलंच नाही. रेफरी ऐकेना. मग पेनल्टी यानेच मारली, सीमनने अडवली आणि परत आलेल्या बॉलवर लिव्हरपूलच्या दुसऱ्याने गोल केला. त्याच आठवड्यात फाउलरने आधीच्या मॅचला गोल केल्यावर शर्ट वर करून कामावरून काढलेल्या गोदी कामगारांना पाठिंबा देणारा टी-शर्ट दाखवला होता, त्याबद्दल युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, त्याला दंड ठोकला.

कोचचं म्हणशील तर त्यांना एवढंच विचार की समोरच्या टीमने हाताने गोल केला असता तर ते गप्प बसले असते का.

प्रश्न: आवडता प्लेयर दुसऱ्या क्लबला गेला. जर्सी जाळू का ठेवू?

धुऊन ठेव. दहा वर्षांनी रेट्रो म्हणून भाव खाशील.

प्रश्न: हे प्लेयर चांगले माणूस आहेत हे आपल्याला कसं कळणार? सगळं पीआर असतं. तुम्ही लोक उगाच देव बनवता.

मुद्दा शंभर टक्के मान्य, म्हणून मी माणसाला सर्टिफिकेट देत नाही, त्या एका कृतीला देतो. उदाहरण इटलीचा स्ट्रायकर दि कानिओ, तेव्हा वेस्ट हॅमला होता. डिसेंबर २०००, एव्हर्टनविरुद्ध वेस्ट हॅम, १-१, शेवटची मिनिटं, एव्हर्टनचा गोलकीपर दुखापतीने खाली पडलाय, क्रॉस आला आणि समोर गोल मोकळा, याने बॉल चक्क हातात पकडला आणि खेळ थांबवला. फिफाने फेअर प्लेचं बक्षीस दिलं. आता हाच माणूस १९९८ मध्ये रेफरीला धक्का देऊन ११ मॅच बाहेर बसला होता, आणि २००५ मध्ये लात्सिओच्या फॅन्सपुढे फॅसिस्ट सलाम करताना दिसला. मग हा चांगला का वाईट? मला विचाराल तर ते बॉल पकडणं चांगलं आणि तो सलाम वाईट, दोन्ही तितकंच खरं, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

पीआरचं म्हणाल तर कॅमेऱ्यासमोर केलेलं सगळंच खोटं नसतं. २०११ ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवतेय? बार्सिलोनाच्या अबिदालच्या लिव्हरमधली गाठ मार्चमध्ये काढली होती आणि मे महिन्यात तो वेम्बलीवर पूर्ण ९० मिनिटं खेळला. कप उचलायचा मान कॅप्टन पुयोलचा, ज्याच्यासाठी खेळाडू आयुष्यभर झुरतात तो क्षण. पुयोलने आर्मबँड काढून अबिदालच्या दंडावर चढवला आणि त्याला पुढे केलं. कॅमेरे होतेच, पण पुयोलने तो कप स्वतः उचलला असता तरी त्याला कोणी नाव ठेवलं नसतं.

सेनेगलचा स्टार सादिओ माने, त्याचं तर दाखवण्यापलीकडचं काम आहे. बाम्बाली या त्याच्या गावात हॉस्पिटल नव्हतं, तो लहान असताना वडील आजारपणात गेले, आणि मोठा झाल्यावर त्याने तिथे स्वतःच्या पैशाने हॉस्पिटल बांधलं. आयव्हरी कोस्टच्या द्रोग्बाबद्दल मात्र जरा हात आखडता घ्यावा. ऑक्टोबर २००५ मध्ये, देशात यादवी चालू असताना, आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र ठरला तेव्हा त्याने ड्रेसिंग रूममधून माइक घेऊन, टीमसोबत गुडघे टेकून देशवासीयांना शस्त्रं खाली ठेवा अशी विनंती केली, ती प्रत्येकाने बघावीच. पण त्याने एका भाषणात यादवी थांबवली असं जे फॉरवर्ड फिरतं ते काही खरं नाही, करार व्हायला २००७ उजाडलं आणि त्यात पुष्कळ लोकांचे हात लागले.

प्रश्न: आपल्याकडचं एकही नाव नाही का घेणार?

छेत्री, दुसरं कोण. २००५ मध्ये क्वेट्याला पाकिस्तानविरुद्ध पहिली मॅच आणि पहिला गोल, जून २०२४ ला थांबला तेव्हा देशासाठी ९४ गोल, आणि २०२५ मध्ये टीमला गरज पडली तर चाळिशीत परत हजर. पण मला त्याची २०१८ ची गोष्ट जास्त आवडते. टीम ५-० ने जिंकली आणि स्टँड ओस पडलेले. याने व्हिडिओ टाकला की शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमला या. कॅप्टनने असं हात जोडून सांगणं सोपं नसतं, इगो आडवा येतो. पुढच्या मॅचला तिकिटं संपली.

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे, कुठल्याच अकादमीत निवड झाली नाही. वार्डीसारखं होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण खोटी आशा देत नाही, वार्डी एकच असतो, तसे प्रयत्न करून मागे राहिलेले हजारो असतात आणि त्यांची नावं कुणी छापत नाही. इंग्लंडच्या या स्ट्रायकरला शेफिल्ड वेन्सडे क्लबने १६ व्या वर्षी लहानखुरा म्हणून काढलं. मग स्टॉक्सब्रिज नावाच्या टीममध्ये आठवड्याला ३० पौंड आणि दिवसभर कारखान्यात काम. मध्येच मारामारीच्या केसमुळे पायाला इलेक्ट्रॉनिक टॅग, संध्याकाळी ठरल्या वेळेला घरी असणं सक्तीचं, त्यामुळे बाहेरगावच्या मॅच अर्धवट सोडून पळावं लागायचं. पंचविशीत लेस्टरला आला आणि पहिलं वर्ष इतकं वाईट गेलं की फुटबॉल सोडायचा विचार करत होता. आणि तीन वर्षांनी सलग ११ लीग मॅचमध्ये गोल करून रेकॉर्ड मोडलं.

तर खेळत राहा, पण पोटापाण्याचं काहीतरी सोबत ठेव. कांतेनेही अकाउंटिंग शिकून घेतलं होतं.

प्रश्न: माझे आजोबा सांगायचे की एक गोलकीपर मान मोडलेली असताना फायनल खेळला. खरं की थाप?

खरं. बर्ट ट्राउटमन. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात होता, इंग्लंडमध्ये युद्धकैदी म्हणून आला, सुटका झाल्यावर तिथेच राहिला. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतला तेव्हा लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, युद्ध संपून चारच वर्षं झालेली, राग साहजिक होता. शहरातल्या एका ज्यू धर्मगुरूनेच जाहीर पत्र लिहून सांगितलं की एका माणसाला सगळ्या देशाच्या पापाची शिक्षा देऊ नका. मग तो सिटीकडून १९६४ पर्यंत खेळला, पाचशेच्या वर मॅच. १९५६ च्या एफए कप फायनलमध्ये शेवटची १७ मिनिटं राहिलेली असताना तो समोरच्याच्या पायात झेपावला आणि मानेला जबर मार बसला. तेव्हा सब्स्टिट्यूट नसायचे, तो बाहेर गेला असता तर दहा जण उरले असते, म्हणून मान वाकडी धरून तो खेळत राहिला, आणखी बॉल अडवले, सिटी ३-१ ने जिंकली. मान मोडलीय हे काही दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा समजलं.

आजोबांची गोष्ट खरी, पण हे वाचून कुणी डोक्याला-मानेला लागल्यावर खेळत राहायला जाऊ नका, आता बदली खेळाडू असतो, सरळ बाहेर या आणि डॉक्टरला दाखवा.