मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजात, लोक एकमेकांना नावं ठेवतात. अशा ठिकाणी किती सोसायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर तुम्ही इथल्या एका मंडळीत जाऊ लागलात. दिवाळीला माहेरी फराळ केला म्हणून प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या बाईंनी चारचौघांत टोमणा मारला, आणि आता रविवारी पाय उचलत नाही. बायबलमध्ये दोष काढू नका हे रोज वाचणारी माणसंच अशी कशी, असं विचारलंय. मीही नागपूरचीच, लहानपणापासून मंडळीतच वाढले, म्हणून लिहिते.

आधी फराळाचं. येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं, जे बायबलमध्ये आहे, तेव्हा तिथेही ताटावरूनच वाजलं होतं. काहीजण सगळं खात, काही फक्त भाजीपाला. चौदाव्या अध्यायात तो खाणाऱ्याला सांगतो, न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नकोस. आणि न खाणाऱ्याला सांगतो, खाणाऱ्याला दोष लावू नकोस. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असं थेट विचारतो. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना मात्र तो जास्त जपून बोलतो. माझ्या खाण्याने भावाचं मन डळमळणार असेल तर मी खाणार नाही, म्हणतो. आईच्या हातची करंजी खाल्ल्याने तुमचा विश्वास उणा होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कुणी मनापासून खात नसेल तर त्यांना मागासलेले म्हणायचा हक्क तुम्हाला-मला नाही. ही दुसरी बाजू आपण सोयीने गाळतो.

वेगळी मतं धरून एकत्र राहण्याचं मोठं उदाहरण आपल्या नागपुरातच आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे एकेचाळीस वर्षं! सुरुवातीला बोलायला बसलेल्यांपैकी कितीतरी जण तो दिवस पाहायला उरले नसणार. मोठा अडसर बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीचा होता. अँग्लिकन, मेथडिस्ट हे पंथ तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन जाणत्या वयात, स्वतः विश्वास कबूल केल्यावरच. याच वादापायी १५२७ मध्ये झुरिचला जाणत्या वयातला बाप्तिस्मा मानणाऱ्या फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं होतं. इथे दोन्ही रीती मान्य झाल्या. कुणालाही आपलं मत सोडायला लावलं नाही. एवढ्या मुळाच्या प्रश्नावर दोन मतं एका छपराखाली राहू शकतात, तर फराळावर का नाही?

आता त्या बाई. तुम्हाला दुखलं, पण तुम्ही अजून त्यांच्याशी बोलला नाहीत. बाकी सगळ्यांशी बोललात. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम दिलाय: भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घे, मंडळीपुढे त्यानंतर. आमच्याकडे उलटं चालतं. गोष्ट आधी ग्रुपवर जाते, मग पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सर्वांत शेवटी कळते. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि सरळ म्हणा, "मावशी, त्या दिवशीचं बोलणं मला फार लागलं." मग त्यांचंही ऐकून घ्या. त्या पिढीतल्या कित्येकींना बाप्तिस्म्यानंतर माहेरचं दार बंद झालं, सणावाराला कुणी बोलावलं नाही. तुम्ही माहेरी जाऊन पंगतीला बसता हे पाहून त्यांच्या आत काय हलत असेल, याचा विचार करून बघा. जो धीर तुम्ही त्यांच्याकडून मागताय, तो त्यांनाही हवा आहे.

आणि मंडळीत सगळे तसे नसतात. एकदा उपासना सुरू झाल्यावर एक नवी मुलगी टिकली लावून आत आली. माझ्या पुढच्या बाकावर लगेच कुजबुज झाली. शेजारच्या आजी सरकल्या, तिला जागा दिली, गीत काढून पुस्तक तिच्या हातात ठेवलं, आणि कुजबुजणारीला हळूच म्हणाल्या, "तू कायले तिच्या कपाळाकडं पाहून राहिली? पुढं पाह्य ना." ती मुलगी पुढेही येत राहिली. अशी एक आजी तुमच्याही मंडळीत असेल. तिच्या शेजारी बसत जा.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. घरात मारहाण, मंडळीच्या पैशांत अफरातफर, लेकराबाळांशी वाईट वागणूक, यावर गप्प बसणं म्हणजे सहनशीलता नव्हे. "दोष काढू नका" हे वचन तिथे तोंड बंद करायला वापरलं जातं, तेव्हा मला संताप येतो. पौलाने करिंथच्या मंडळीला अशाच गंभीर पापाकडे डोळेझाक केल्याबद्दल खडसावलं होतं. असं काही दिसलं तर पाळकांना सांगा, आणि मूल धोक्यात असेल तर कमिटीच्या बैठकीची वाट न पाहता १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा.