गाडीच्या विम्याचं नंतर बघू, आधी ती युलिप परत करा

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. चिरंजीव २२ वर्षांचे, पुण्यात पहिलीच नोकरी, हातात ४० हजार पगार. नऊ लाखांची गाडी बुक केली आहे, त्यासाठी सात लाखांचं कर्ज मुलाच्या नावाने मंजूर झालंय. शोरूमने विम्याचे ४८ हजार सांगितले, वर 'चालवणारा तरुण आहे म्हणून महाग' असं कारण दिलं. हा तरुणांवर अन्याय नाही का, आणि गाडी माझ्या नावावर घेऊन जुन्या गाडीचा ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) वापरू का, असं ते विचारतात. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय: कर्जासाठी बँकेने मुलाला वर्षाला ६० हजारांची युलिप (आयुर्विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घ्यायला लावली, पॉलिसी गेल्या आठवड्यात मेलवर आली, आणि पाच वर्षांत तिच्यातूनच कर्ज फिटेल असं तिथले साहेब म्हणाले.

कसं फिटेल? साडेनऊ टक्क्यांनी हप्ता महिना १४,७०० च्या आसपास, म्हणजे पाच वर्षांत बँकेला जाणार पावणेनऊ लाखांच्या वर. युलिपमध्ये तुम्ही भरणार तीन लाख. सगळे खर्च विसरून दरसाल १२ टक्के धरले तरी सव्वाचार लाखांच्या फारसा पुढे आकडा जात नाही. निम्मंसुद्धा नाही! शिवाय कर्जाचा हप्ता, युलिपचे महिना पाच हजार आणि पेट्रोल मिळून पगारातले २५ हजार जाणार. घरभाडं कशातून द्यायचं? आणि आयुर्विमा म्हणाल तर अशा पॉलिसीत तो साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे सहा लाख. ज्याच्यावर अजून कोणी अवलंबून नाही अशा मुलाला तोही आज लागत नाही.

कर्ज हवं तर पॉलिसी घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, आणि मेलवर आलेल्या पॉलिसीचे दिवस मेलच्या तारखेपासून धरतात. चिरंजीवांच्या सहीचा लेखी अर्ज थेट विमा कंपनीला द्या, पोच घ्या. बँकेतले साहेब 'थोडं थांबा' म्हणतील, थांबू नका. किरकोळ कपात होऊन पैसे परत येतील. ही मुदत चुकली की पैसे पाच वर्षं अडकले. कंपनीने टाळाटाळ केली तर 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा, त्यानंतर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे.

आता गाडी. शोरूमने सांगितलेलं कारण पटण्यासारखं नाही. ब्रिटनमध्ये कोवळ्या वयाच्या चालकाला जबर हप्ता पडतो, पण आपल्याकडे हप्ता ठरतो तो मुख्यतः गाडीची किंमत, इंजिन, गाडीचं वय आणि नोंदणीचं शहर यांवर. १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) हप्ता २०२२ च्या अधिसूचनेनुसार १०,६४० रुपये, जीएसटी धरून साडेबारा हजार. विशीतल्याला तेवढाच आणि साठीतल्यालाही तेवढाच. उलट मला यात जपून चालवणाऱ्यांवरच अन्याय दिसतो, त्यांच्या वाट्याला नो क्लेम बोनस सोडला तर फारसं काही येत नाही. ४८ हजारांतले उरलेले ३५ हजार मात्र घासाघिशीचे आहेत. तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच अ‍ॅड-ऑन (जादा कवच) सांगून बाहेरून दोन कोटेशन आणा. विमा शोरूममधूनच घ्यायचं बंधन नाही. झिरो डेप (भागांची झीज न कापता भरपाई देणारं अ‍ॅड-ऑन) ठेवा, कारण ते नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे खिशातून जातात, आणि नवख्या हाताने आधी बंपरच फुटतो. आयडीव्ही उतरवून हप्ता कमी करून देतो म्हणतील, त्याला नाही म्हणा.

गाडी तुमच्या नावावर नको. बोनसने पहिल्या वर्षी दहाएक हजार वाचतील, पण कर्ज मुलाच्या नावाने आहे, त्यामुळे आरसीवर नाव बदलायचं तर कर्जाचा अर्ज नव्याने. शिवाय मुलाचा स्वतःचा बोनस साठणारच नाही. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन क्लेम न करता पाच वर्षं गेली की ५० टक्क्यांवर जातो. आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कवच आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मिळतं. गाडी तुमची आणि स्टिअरिंगवर तो, असं झालं तर त्याला त्यातलं काहीच मिळणार नाही. त्याच्या नावाने ते कवच पॉलिसीत धरलंय ना, एवढं डिलिव्हरीआधी तपासून घ्या.