नागपुरात राहून सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचं आणि सौरवाऱ्याचं कॉम्प्युटर मॉडेलिंग करता येईल का? त्याला खरं संशोधन मानतात का?

येतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचे गाइड म्हणतात, "प्रयोग नसलेला विषय घेऊ नका, व्हायव्हात मार खाल." मला आधी त्याबद्दल बोलायचं आहे, कारण मी तो मार खाल्ला आहे आणि तो अन्याय होता असं मला आजही वाटतं.

२०१७-१८ मध्ये मी नागपुरातच एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातल्या बहुतेकांनी थिन फिल्म, म्हणजे पदार्थांच्या पातळ थरांचे प्रयोग घेतले, मी सूर्याचं प्रभामंडल (कोरोना), म्हणजे त्याचं सगळ्यात बाहेरचं वातावरण घेतलं. तिथलं चुंबकीय क्षेत्र थेट मोजणं फार अवघड असतं, पृष्ठभागावरचं मात्र रोज मोजलं जातं. म्हणून खालचा नकाशा घ्यायचा आणि वरचं क्षेत्र गणिताने काढायचं. सगळ्यात साधं मॉडेल १९६९ सालचं आहे. पृष्ठभागापासून वर, केंद्रापासून अडीच सौरत्रिज्यांपर्यंत, कुठेही विद्युतप्रवाह नाही असं धरायचं. मग लाप्लासचं समीकरण उरतं, आणि ते आपण सगळे इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये सोडवून आलेलो असतो. अडीच त्रिज्यांवर क्षेत्र सरळ बाहेरच्या दिशेने आहे अशी अट घालायची. ज्या रेषा तिथवर पोचतात त्या उघड्या, ज्या मधूनच वळून खाली येतात त्या बंद. सौरवारा, म्हणजे सूर्यावरून सतत वाहणारे विद्युतभारित कण, उघड्या रेषांच्या वाटेने बाहेर पडतो.

कोड मी स्वतः लिहिला. नकाशे गाँग या दुर्बिणींच्या जाळ्याचे, फुकट मिळणारे. या जाळ्याची जगात सहा ठिकाणं आहेत, त्यातलं एक उदयपूरला आहे. होस्टेलच्या खोलीत, कूलरच्या आवाजात, उघड्या रेषांची मुळं पहिल्यांदा स्क्रीनवर उमटली तेव्हा मी त्या दिवसाचा सूर्याचा फोटो पाहिलेलाच नव्हता. मग नासाच्या एसडीओ उपग्रहाचा अतिनील फोटो उघडला आणि दोन्ही एकावर एक ठेवले. जिथे माझ्या गणिताने उघड्या रेषा दाखवल्या होत्या, तिथेच फोटोत मोठा काळा डाग होता, कोरोनल होल. कडा तंतोतंत नव्हत्या, पण जागा तीच, आकारही ओळखू येईल असा. कोडला त्या डागाबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं. मी मैत्रिणीला झोपेतून उठवून ते दाखवलं.

मग हाव सुटली. १९९० मध्ये वँग आणि शीली या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की रेषांची जुडी वर जाताना जितकी कमी फाकते तितका तिथून निघणारा वारा वेगवान असतो. त्यावरून मी वेग काढला आणि त्या कोरोनल होलमधून निघालेला वाऱ्याचा झोत पृथ्वीपाशी कधी पोचेल त्याची तारीख वहीत लिहून ठेवली. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूपाशी असलेल्या यानांचे आकडे नेटवर येतच असतात. झोत आला, वेग सेकंदाला सहाशे किलोमीटरच्या पुढे गेला. मी लिहिलेल्या तारखेपेक्षा सुमारे एक दिवस उशिरा.

मे महिन्यात व्हायव्हा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "बेटा, हे तर तू चित्रं काढून राहिली. यात फिजिक्स कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, लाप्लासचं समीकरण आहे, सीमेवरच्या अटी आहेत, आणि शेवटी मोजलेल्या वेगाशी ताडून पाहिलंय." त्यावर ते म्हणाले, "समीकरण पुस्तकात असते, सूर्य पुस्तकात नसतो. अन् एक दिवस चुकलं म्हणजे चुकलंच ना?" माझे मार्क कापले. माझ्या आधीच्या मुलाने सॅम्पल बाहेरच्या लॅबला पाठवलं होतं आणि एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासण्याचा) आलेख तिथून छापून आला होता. तो प्रयोग ठरला.

तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता देते. सूर्य ते पृथ्वी पंधरा कोटी किलोमीटर. वाऱ्याला हे अंतर कापायला दोन ते पाच दिवस लागतात. अशा वाटेवर एका दिवसाची चूक राहते, आणि कसलेल्या गटांच्या मॉडेल्सनाही वेगवान झोताची वेळ सांगताना साधारण तेवढी चूक येते. ती का येते हेही माहीत आहे. सूर्याची पाठ आपल्याला पृथ्वीवरून दिसत नाही, म्हणून पूर्ण नकाशा जुळायला सुमारे सत्तावीस दिवस लागतात आणि त्यातला बराच भाग शिळा असतो. ध्रुव तर तिरपे, जेमतेम दिसतात. चूक किती आणि कुठून येते हे सांगता येणं यालाच मी फिजिक्स म्हणते.

आणि सौरवारा मुळात सापडला कसा? १९५८ मध्ये यूजीन पार्कर या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो कागदावर मांडला. दोन्ही परीक्षकांनी पेपर नाकारला. नियतकालिकाचे संपादक होते आपले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर. त्यांना स्वतःला कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये मरिनर २ यानाने तो वारा मोजला. माझ्या व्हायव्हाच्या आदल्या वर्षी, २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या खग्रास ग्रहणाआधी, कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या गटाने प्रभामंडल कसं दिसेल ते याच प्रकारच्या मॉडेलने आधीच जाहीर केलं होतं आणि मोठे झोत बरेचसे त्या जागी दिसले. मी हे परीक्षकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "ते मोठे लोक."

तुमच्या कामाचं आता. पायथॉन शिका, त्यातली सनपाय लायब्ररी घ्या. हे १९६९ चं मॉडेल तिच्या जोडीच्या सनकिट-मॅगेक्स या पॅकेजमध्ये तयार मिळतं आणि लॅपटॉपवर मिनिटभरात चालतं. तरी एकदा स्वतः लिहून बघा, नाहीतर व्हायव्हात अडाल. आदित्य-एल१ या भारतीय सौरयानाचे आकडे इस्रोच्या प्रदान पोर्टलवर आहेत, ताडून पाहायला ते वापरा. पुढे प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची) पूर्ण समीकरणं सोडवायची तर क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले अनेक कॉम्प्युटर लागतात. ते नागपुरात घरबसल्या होणार नाही, त्यासाठी बाहेर पडावं लागेल. फार लांब नाही, इंदूरच्या आयआयटीत सौरवाऱ्याचं 'स्वस्ति' नावाचं भारतीय मॉडेल तयार झालंय. आणि गाइड बदलता येत असेल तर बदला. मॉडेल म्हणजे चित्र असं मानणारा माणूस तुमच्या बाजूने बोलणार नाही.

आता मर्यादाही सांगते, कारण तुम्हाला विचारतील. अडीच त्रिज्या हा निसर्गाचा नियम नाही, सोयीचा आकडा आहे. सौरडागांच्या आसपास विद्युतप्रवाह नसतो हे गृहीतक सरळ खोटं आहे, तिथे हे मॉडेल वापरू नका. सौरवादळांबद्दल, म्हणजे मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला तसल्या स्फोटांबद्दल, ते काहीच सांगत नाही. आणि पृथ्वीजवळ मोजलेलं उघडं चुंबकीय क्षेत्र मॉडेलमधल्यापेक्षा साधारण दुप्पट निघतं. ते का, यावर अजून वाद चालू आहे. प्रोजेक्टला प्रश्न हवा असेल तर हाच घ्या.