पाण्यात गेलेला ॲबी रोड आणि लाखेवरचे बीटल्स

या वेळच्या पत्रांत बीटल्सच बीटल्स आहेत, म्हणजे लिव्हरपूलचा तो चौघांचा बँड. मग म्हटलं चला, बाकीच्यांना पुढच्या अंकात घेऊ, ही चार एकत्रच उरकू. पहिलं पत्र वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो, त्यामुळे त्याचं उत्तर लांबलंय, चालवून घ्या.

प्रश्न: काका, माझे बाबा आता ७५ चे आहेत. वालचंदला इंजिनिअरिंगला असताना मुंबईला गेले की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधनं एखादी एलपी आणायचे, मेसचे पैसे वाचवून. त्यात बीटल्सची ॲबी रोड सगळ्यात लाडकी. २०१९ च्या पुरात आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला आणि रेकॉर्डची पेटी तिथंच होती. पाणी ओसरल्यावर आईने सगळं चिखलासकट गोणीत भरून माळ्यावर टाकलं, बाबांनी परत कधी विषय काढला नाही. आता वाढदिवसाला त्यांना इंग्लंडमध्ये छापलेली पहिली ॲबी रोड घेऊन द्यावी असं डोक्यात आहे, पण किंमत बघून धडकी भरली. घेऊ का? आणि खरी पहिली ओळखायची कशी? (एक मुलगी, गावभाग, सांगली)

उत्तर: ताई, आधी ती गोणी खाली काढा. पैशाचं मग बोलू.

एलपी म्हणजे प्लॅस्टिक असतं, पीव्हीसी. पाण्यानं तिला काही होत नाही, चार दिवस नाही चार महिने बुडाली तरी. वाट लागते ती पुठ्ठ्याच्या कव्हरची, आणि खरा शत्रू म्हणजे कृष्णेचा तो बारीक गाळ, जो खाचेत जाऊन बसतो. तो कोरडा असताना फडक्यानं पुसायला गेलात तर पॉलिश पेपर घासल्यासारखं होईल, म्हणून पहिलं काम म्हणजे अजिबात पुसायचं नाही. कव्हर चिकटलं असेल तर ओढू नका, साध्या गार पाण्यात भिजत ठेवा, कागद आपोआप सुटत येतो. मग रेकॉर्ड कडेला धरून नळाच्या बारीक धारेखाली गाळ वाहून जाऊ द्या, घाई करू नका. मधल्या लेबलची काळजी वाटेल तुम्हाला, पण ते गोंदानं चिकटवलेलं नसतं, रेकॉर्ड दाबतानाच गरम प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे सहसा निघत नाही, तरी हातानं झाकून धरलं तर बरं. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकून मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं गोल गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. शेवटी परत नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळू द्यायची.

सावलीत हं. २००५ च्या पुरानंतर मी माझ्या अकरा रेकॉर्ड गच्चीवर उन्हात घातल्या होत्या, पापड वाळत घालावेत तशा, आणि संध्याकाळी त्या पापडासारख्याच वाकल्या होत्या. पुरानं सोडलेल्या रेकॉर्ड मी घालवल्या, ते अजून मनातनं जात नाही, म्हणून इतकं कळकळीनं सांगतोय. हेअर ड्रायर पण नको.

आणि धुतल्यावर लगेच घरातल्या जुन्या फिएस्टा प्लेअरवर लावू नका. तशा प्लेअरची सुई जड बसते आणि इतक्या वर्षांत झिजलेली पण असणार. चांगला टर्नटेबल असलेला कोणी ओळखीचा शोधा, सुई नवी असावी आणि वजन साधारण दोन ग्रॅमच्या आसपास. पहिल्यांदा वाजवताना करकर होईल, सुईवर घाण जमेल, ती ब्रशनं काढायची आणि परत लावायची. दोन-तीनदा वाजल्यावर आवाज उघडत जातो.

आता तुमचा मूळ प्रश्न. इंग्लंडच्या अगदी सुरुवातीच्या ॲबी रोडची खूण म्हणून लोक मागच्या कव्हरवरचं ॲपलचं, म्हणजे बीटल्सच्याच रेकॉर्ड कंपनीचं, सफरचंद बघतात, ते जरा डावीकडे सरकलेलं असतं. लेबलवर आणि कव्हरवर शेवटच्या ‘हर मॅजेस्टी’ या २३ सेकंदांच्या गाण्याचं नाव नसतं. आणि लेबलच्या बाहेर जो गुळगुळीत भाग असतो तिथं वायईएक्स ७४९ आणि ७५० असे नंबर कोरलेले असतात, पुढच्या डॅशनंतरचा आकडा कोणतं कटिंग, म्हणजे टेपवरनं मूळ तबकडीवर खाच कितव्यांदा कोरली, ते सांगतो.

पण माझं मत विचाराल तर घेऊ नका. बाबांची कॉपी बहुतेक दमदमची असणार, कलकत्त्याजवळ ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता तिथली. आपल्याकडे लोकांना वाटतं की इंडियन प्रेसिंग म्हणजे दुय्यम माल, आणि प्लॅस्टिक कधी कधी जरा करकरायचं हे खरंय, पण त्यावर तोच वायईएक्स नंबर दिसला तर समजा की कटिंग तिकडचंच आहे, फक्त दाबलीय इकडे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाबांनी ५० वर्षं जी ऐकली ती हीच. कुठे टक् वाजतं, कुठे सुई किंचित हलते, हे त्यांच्या कानात बसलेलं असणार. इंग्लंडहून आणलेल्या स्वच्छ कॉपीत ते टक् येणार नाही, आणि ते नसलं तर बाबांना कुणाच्या तरी घरची रेकॉर्ड ऐकल्यासारखं वाटेल असं मला मनापासून वाटतं. मेसचे पैसे वाचवून आणलेली वस्तू दुसरी मिळत नसते. कव्हर गेलंच असेल तर तेवढं रिकामं कव्हर शोधा, ते बऱ्यापैकी स्वस्तात मिळून जातं.

एक सांगू? चौघं बीटल्स रस्ता ओलांडतायत तो कव्हरवरचा फोटो काढला ८ ऑगस्ट १९६९ ला. आणि बरोबर ५० वर्षांनी, ८ ऑगस्ट २०१९ ला, सांगलीत काय चाललं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवशी आपल्याकडे रस्ते ओलांडायला बोटी लागत होत्या. तुमचं पत्र वाचताना हे डोक्यात आलं आणि मग पुढचं काही सुचेना.

वाढदिवसाला बाबांच्या समोरच धुवा. एकट्यानं गुपचूप करू नका, त्यांना ती हातात धरू दे.

प्रश्न: माझ्याकडे जुन्या बाजारातनं घेतलेली ॲबी रोड आहे. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं चालू असताना आवाज एकदम बंद होतो, कात्रीनं कापल्यासारखा. विकणारा म्हणतो सगळ्या अशाच असतात. फसवलं का मला? (एक वाचक, कराड)

उत्तर: नाही हो, खरं बोलला तो. ‘आय वॉन्ट यू’ हे पावणेआठ मिनिटांचं गाणं तसंच तुटतं, बीटल्समधल्या जॉन लेननच्या सांगण्यावरून टेप तिथंच कापली होती. एकच सुरावट परत परत फिरत राहते, मागे वाऱ्यासारखा घोंघाट वाढत जातो आणि आता कधीतरी हे हळूहळू विरेल असं वाटत असताना शांतता. सीडीवर आणि मोबाइलवर लगेच पुढचं गाणं सुरू होतं त्यामुळे त्या शांततेचा अर्थच जातो. रेकॉर्डवर तुम्हाला उठावं लागतं, बाजू पलटावी लागते, आणि तेवढ्या वेळात खोलीत काहीच नसतं. दुसरी बाजू ‘हिअर कम्स द सन’नं उघडते, ती त्या शांततेनंतर ऐकून बघा.

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत चावीचा ग्रामोफोन आणि काही जड, ठिसूळ रेकॉर्ड मिळाल्या. त्यात एकीवर पार्लोफोन कंपनीचं लेबल आणि चक्क बीटल्सचं नाव आहे! स्पीड ७८ (मिनिटाला फेरे) लिहिलाय. बीटल्सच्या काळात असल्या रेकॉर्ड होत्या का? स्पिरिटनं पुसू का? (वाई, जि. सातारा)

उत्तर: स्पिरिट आधी लांब ठेवा! ७८ ची तबकडी लाखेची असते, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, एका पुसण्यात खाच जाईल. हलक्या ब्रशनं कोरडीच झाडा, फार तर किंचित ओलसर कापड आणि लगेच कोरडं.

आणि हो, खरी आहे ती, बनावट नाही. इंग्लंडमध्ये १९६० च्या सुमारास ७८ बंद झाल्या होत्या, पण आपल्याकडे गावोगाव वीज नव्हती, चावीचे ग्रामोफोन होते, म्हणून ग्रामोफोन कंपनी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणी ७८ वर काढत राहिली. आज जगभरचे संग्राहक याच भारतीय ७८ शोधत फिरतात. नंबराच्या आधी डीपीई अक्षरं आहेत का बघा. वाईत कोणीतरी कंदिलाच्या उजेडात चावी फिरवून लिव्हरपूलच्या पोरांची गाणी ऐकत होतं, मला तर या विचारानंच भरून येतं.

चावीच्या मशिनवर लावणार असाल तर प्रत्येक बाजूला स्टीलची नवी सुई. माझं ऐकाल तर त्यावर लावूच नका, लाखेची खाच फार लवकर खाल्ली जाते. ७८ चा स्पीड आणि ७८ ची वेगळी जाड सुई असलेल्या टर्नटेबलवर एकदा वाजवून रेकॉर्डिंग करून घ्या, आणि मूळ तबकडी उभी, कागदी पाकिटात ठेवा. विकू नका एवढंच हात जोडून सांगतो, आजोबांनी ती का घेतली हे घरात कुणाला आठवतंय का ते आधी विचारा.

प्रश्न: बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची सतार मिरजेची होती असं लहानपणापासून ऐकलंय. खरंय का? (एक तंतुवाद्यप्रेमी, मिरज)

उत्तर: मिरजेच्या सतारी जगभर गेल्या, त्यामुळे वाटणं साहजिक आहे, पण नाही. ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात १९६५ साली जी वाजली ती लंडनच्या दुकानातली साधी सतार होती. मग जुलै १९६६ मध्ये बीटल्स दिल्लीत थांबले तेव्हा हॅरिसननं रिखीराम यांच्या दुकानातनं चांगली घेतली.

पण महाराष्ट्राशी धागा आहेच. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला आणि आपल्या वादकांना घेऊन ‘द इनर लाइट’चं संगीत रेकॉर्ड करून गेला, शब्द नंतर लंडनला गायला. ‘लेडी मॅडोना’ची ४५ ची छोटी तबकडी आहे ना, तिची मागची बाजू. ही दमदमची कॉपी सांगली-साताऱ्यात कुणाकडे असेल तर मला कळवा, मी माझी सुई घेऊन घरी येतो ऐकायला.